फ्लॅश, पोझ आणि पैसा : क्रूझवरच्या फोटोग्राफरची तयारी

सेवाग्रामच्या आश्रमात एका तरुणाच्या हाती कॅमेरा आला, तेव्हा त्याच्यापुढे तीन अटी ठेवण्यात आल्या. फ्लॅश वापरायचा नाही. फोटोसाठी पोझ द्यायला सांगायचे नाही. आणि या कामाचा खर्च आश्रमावर टाकायचा नाही. अटी घालणारे होते महात्मा गांधी आणि तो तरुण म्हणजे त्यांच्या चुलत पुतण्याचा, नारणदास गांधींचा मुलगा कनू. १९१७ साली जन्मलेला कनू आश्रमाच्या कामकाजात मदत करायचा. विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी त्याला फोटोग्राफीकडे वळवले. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलिफ्लेक्स कॅमेरा आला. १९३८ ते १९४८ ही दहा वर्षे कनू गांधींनी गांधीजींना जितक्या जवळून टिपले, तितक्या जवळून दुसऱ्या कोणाला टिपता आले नाही.

रोलिफ्लेक्स छातीपाशी धरून वरून काचेत पाहायचे असते. एका रोलवर फोटो निघतात बारा. बापू कुटीसारख्या मातीच्या, बुटक्या घरात दारा-खिडकीतून येईल तेवढाच उजेड. त्यात फ्लॅश नाही, ‘जरा इकडे बघा’ म्हणायची सोय नाही आणि फिल्मचे पैसे स्वतः उभे करायचे. कनू गांधींनी फोटो वृत्तपत्रांना देऊन खर्च भागवला. वर्धा जिल्ह्यातली फोटोग्राफीची ही पहिली मोठी शाळा म्हणायला हरकत नाही आणि तिचा अभ्यासक्रम त्या तीन अटींत सामावलेला होता.

आज याच जिल्ह्यातल्या आर्वी, हिंगणघाट किंवा पुलगावच्या एखाद्या मुलाने वा मुलीने क्रूझ जहाजावर फोटोग्राफर व्हायचे ठरवले, तर नेमके याच्या उलटे शिकावे लागते. जहाजावरचे बरेचसे फोटो फ्लॅशवर निघतात. ते पोझ देऊन काढलेले असतात. आणि फोटो विकला गेला तरच फोटोग्राफरच्या हाती चार पैसे जास्त पडतात. फ्लॅश, पोझ आणि पैसा, या तिन्ही गोष्टी सेवाग्रामात बाद होत्या. जहाजावर त्याच पोटापाण्याच्या आहेत. त्यांच्या जोडीला चौथी गोष्ट येते आणि ती या तिघींच्या आधी शिकावी लागते. ती म्हणजे समुद्र.

जहाजावर हे काम चालते कसे, ते आधी पाहू. क्रूझ म्हणजे तरंगते हॉटेल. २०२४च्या जानेवारीत प्रवासाला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजात सात हजारांवर प्रवासी मावतात. एवढे मोठे जहाज सोडले, तरी दोन-तीन हजार प्रवाशांची जहाजे जगभर फिरत असतात. प्रवासी जहाजावर चढतात तिथेच पहिला फोटो निघतो. मागे जहाजाचे चित्र किंवा नाव लिहिलेले गोल तरंगते कडे, पुढे हसणारे कुटुंब. समजा, पाच तासांत तीन हजार लोक चढायचे आहेत आणि एका कुटुंबात सरासरी तिघे आहेत. म्हणजे हजार कुटुंबे झाली. तीन फोटोग्राफर उभे असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीनशेहून जास्त कुटुंबे, म्हणजे मिनिटाला एकाहून अधिक. तेवढ्या वेळात नमस्कार, उभे करणे, हसवणे, फोटो आणि ‘सफर छान होवो’ हे सगळे उरकायचे.

मग जेवणाच्या दालनात टेबलाटेबलांवर फिरून फोटो काढायचे. सूट-साडी घालून येण्याच्या ‘फॉर्मल नाइट’ला जिन्यापाशी आणि मोकळ्या जागांत पडदे लावून तात्पुरते स्टुडिओ उभे करायचे. जहाज बंदराला लागले की भल्या सकाळी उतरण्याच्या पुलापाशी उभे राहायचे. कधी कधी विभागातल्याच कोणीतरी समुद्री चाच्याचा किंवा डॉल्फिनचा पोशाख चढवून प्रवाशांच्या शेजारी उभे राहायचे असते आणि हे काम नव्या माणसाकडे येण्याची शक्यता जास्त. संध्याकाळी गॅलरीच्या काउंटरवर विक्री, रात्री छपाई, निवड आणि फोटो लावणे. या विभागात मॅनेजर, सहायक मॅनेजर, फोटोग्राफर, छपाई पाहणारे तंत्रज्ञ आणि व्हिडिओवाले असतात. काही कंपन्या हा विभाग स्वतः चालवतात, काही तो कंत्राटदाराकडे सोपवतात.

आता फ्लॅश. जहाजावर चढण्याच्या पुलापाशी भर दुपारी सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असतो. मागे लखलखते पाणी, पांढरेशुभ्र जहाज आणि पुढे सावलीत गेलेले चेहरे. कॅमेऱ्याचा मीटर त्या पांढऱ्याला भुलतो आणि चेहरे काळवंडतात. अशा वेळी दिवसाढवळ्याही फ्लॅश मारून चेहरा उजळावा लागतो. रात्री उलटी अडचण. गडद सूट घातलेला माणूस समोर आला की स्वयंचलित फ्लॅश जास्त उजेड फेकतो आणि चेहरा पिठासारखा पांढरा होतो. म्हणून एका जागी शेकडो फोटो काढायचे असतात तिथे जाणता फोटोग्राफर फ्लॅश आणि कॅमेरा दोन्ही मॅन्युअलवर ठेवतो, जमिनीवर पट्टी चिकटवतो आणि प्रत्येकाला त्या पट्टीवरच उभे करतो.

त्या पट्टीमागे शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र आहे. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. फ्लॅशपासून २ मीटरवरच्या चेहऱ्यावर जेवढा उजेड पडतो, त्याच्या चौथा हिस्साच ४ मीटरवर पोचतो. वीसजणांचा गट तीन ओळींत उभा केला की मागची ओळ अंधारात का जाते, याचे उत्तर इथे आहे. आणि फ्लॅश थोडा मागे नेऊन, उंचावून तो फरक कसा कमी होतो, याचेही. हे गणित ज्याच्या बोटांत मुरले आहे, त्याला रोजचे तीनशे फोटो जड जात नाहीत.

याची तालीम वर्धा जिल्ह्यात मिळते आणि ती लग्नात मिळते. विदर्भातल्या लग्नसराईत मे महिन्याच्या उन्हात दुपारची वरात, मंगल कार्यालयातले पिवळे दिवे, स्टेजवरच्या रंगीत एलईडी, नवरीच्या शालूची जर आणि नवरदेवाचा गडद कोट, एवढी सगळी संकटे एका दिवसात समोर येतात. स्टेजवर भेटायला येणाऱ्यांची रांग म्हणजे जहाजावरच्या रांगेचे धाकटे भावंडच. तिथे एखाद्या स्टुडिओवाल्याच्या हाताखाली दोन हंगाम फ्लॅश धरलेला मुलगा कोणत्याही महागड्या वर्गातून बाहेर पडलेल्याच्या बरोबरीने उभा राहतो. रीतसर शिक्षणाचे मोलही मोठे आहे. मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत फोटोग्राफीचा विशेष अभ्यास करता येतो. पण जहाजाच्या मुलाखतीत पदवीइतकीच तुमच्या कामाची फाइल बोलते. त्या फाइलमध्ये सूर्यास्त आणि पक्षी कमी, माणसे जास्त हवीत. म्हातारी जोडपी, रडणारी तान्ही पोरे, मोठे गट, काळी-गोरी-सावळी त्वचा, आणि सगळे चेहरे स्वच्छ.

पोझेचे शास्त्र त्याहून नाजूक. लग्नातला फोटोग्राफर हक्काने म्हणतो, ‘काकू, जरा पुढे या, मामा, मान वर.’ समोरच्यांना ती भाषा कळते आणि तो हक्कही मान्य असतो. जहाजावर समोर जपानी आजोबा असतील, ब्राझीलचे नवविवाहित असतील, आखाती देशातले कुटुंब असेल. शब्द अपुरे पडतात, तेव्हा स्वतः करून दाखवावे लागते. अंग थोडे तिरपे, वजन मागच्या पायावर, हनुवटी किंचित पुढे आणि खाली, हातांना काहीतरी काम. या चार गोष्टी खुणेने सांगता आल्या पाहिजेत. परक्या माणसाच्या खांद्याला हात लावून त्याला वळवायचे नाही. आधी विचारायचे, नकार आला तर हसून बाजूला व्हायचे. आणि इंग्रजी लागतेच. जहाजावर इंग्रजी ही कामाची आणि आणीबाणीचीही भाषा. दर्यावर्दींच्या इंग्रजीसाठी ‘मार्लिन्स’ ही परीक्षा अनेक ठिकाणी घेतली जाते. तिच्यात व्याकरणाबरोबर ऐकून समजणेही तपासतात. वर्ध्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलाने याला घाबरू नये, पण सहा महिने आधीपासून रोज तासभर बोलण्याचा सराव ठेवावा.

तिसरी गोष्ट पैसा. जहाजावरचा फोटोग्राफर हा निम्मा विक्रेता असतो. बहुतेक ठिकाणी मूळ पगार बेताचा आणि त्यावर विक्रीचे कमिशन, अशी रचना असते. पूर्वी सगळे फोटो छापून गॅलरीच्या फळ्यांवर लावत. प्रवासी स्वतःला शोधत फिरत आणि आवडला तर विकत घेत. न विकलेले फोटो सफर संपली की फाडून टाकत. आता अनेक जहाजांवर चेहरा ओळखणारी संगणकप्रणाली प्रत्येक प्रवाशाचे फोटो आपोआप त्याच्या खात्यात गोळा करते आणि तो पडद्यावर पाहून निवड करतो. छपाईचा अपव्यय घटला, पण फोटोग्राफरचे काम अवघड झाले, कारण प्रवाशाच्या खिशातल्या मोबाइलमध्येही चांगला कॅमेरा आहे. त्याने पैसे का मोजावेत? म्हणून कंपन्यांचा भर आता मोबाइलला जमत नाही अशा कामावर आहे. नीट प्रकाशयोजना केलेले स्टुडिओतले पोर्ट्रेट, मोठ्या कुटुंबाचा एकत्र फोटो, आणि आधीच विकलेली फोटोंची पॅकेजे.

या धंद्याचे जवळचे उदाहरण पाहायचे तर मुंबईत गेट वे ऑफ इंडियापाशी जावे. गळ्यात कॅमेरा, खांद्याला पिशवी, पिशवीत छोटा प्रिंटर आणि हातात नमुन्याच्या फोटोंचा अल्बम घेतलेले फोटोग्राफर तिथे वर्षानुवर्षे पर्यटकांचे फोटो जागच्या जागी काढून देतात. घाईतल्या माणसाला थांबवणे, त्याला दोन वाक्यांत पटवणे, मिनिटात फोटो हाती देणे आणि तो घेणार नसला तरी तोंड आंबट न करणे, हे त्यांचे रोजचे शिक्षण. मोबाइलचा फटका त्यांना क्रूझवाल्यांइतकाच, किंबहुना जास्त बसला आहे. जहाजावर जाऊ पाहणाऱ्याने एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी उभे राहून नुसते पाहिले, तरी विक्रीचा मोठा धडा मिळेल. दीडशे-दोनशे माणसांना विचारावे तेव्हा काहीजण थांबतात, या हिशेबाची सवय मनाला आधी झालेली बरी.

आता समुद्र.

जहाजावर फोटोग्राफर म्हणून चढणारा माणूस कायद्याच्या नजरेत दर्यावर्दी असतो. सागरी कामगारांसाठीचा २००६चा आंतरराष्ट्रीय करार जहाजावर कोणत्याही नात्याने काम करणाऱ्याला ‘सीफेअरर’ मानतो आणि भारताने त्या कराराला २०१५ साली मान्यता दिली आहे. म्हणून कॅमेरा हाती घेण्याआधी त्याला जीव वाचवायला शिकावे लागते. दर्यावर्दींच्या प्रशिक्षणाचा ‘एसटीसीडब्ल्यू’ हा करार १९७८चा. त्यात १९९५ आणि २०१० साली मोठे बदल झाले. त्याखालचे मूलभूत प्रशिक्षण चार भागांचे आहे : पाण्यात तग धरणे, आग विझवणे, प्रथमोपचार, आणि वैयक्तिक सुरक्षा व जबाबदारी. त्याला जहाजाच्या सुरक्षेचा छोटा अभ्यासक्रम जोडतात, तर प्रवासी जहाजावर गर्दी हाताळण्याचे वेगळे शिक्षण असते. मूलभूत भाग साधारण दोन आठवड्यांत पुरा होतो. मुंबई, नवी मुंबई आणि गोव्यात त्याची मान्यताप्राप्त केंद्रे आहेत.

पाण्याच्या वर्गात लाइफ जॅकेट घालून उंचावरून तलावात उडी मारावी लागते. उलटा झालेला तराफा पाण्यात राहूनच सुलटा करावा लागतो आणि त्यात चढावे लागते. थंड पाण्यात गुडघे छातीशी घेऊन अंगातली ऊब कशी टिकवायची, चार-पाचजणांनी एकमेकांना बिलगून कसे तरंगायचे, हे करून घेतात. आगीच्या वर्गात धुराने भरलेल्या खोलीत श्वसनयंत्र लावून वाट काढायला शिकवतात, कारण भर समुद्रात अग्निशमन दलाला फोन करता येत नाही; तिथे कर्मचारीच अग्निशमन दल. धाम नदीच्या डोहात किंवा गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलाला पाणी नवे नसते, पण जॅकेट घालून उडी मारणे नवे असते. ज्यांना पाण्याची धास्ती आहे, त्यांनी ती वर्ध्यातच घालवून निघावे.

हे सगळे कागदोपत्री सोपस्कार वाटत असतील, तर ‘कोस्टा काँकॉर्डिया’ आठवावे. १३ जानेवारी २०१२च्या रात्री हे क्रूझ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले आणि कलंडले. ३२जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चढलेल्या प्रवाशांची बचावाची कवायत तोवर झालीही नव्हती, कारण तेव्हाचा नियम चढल्यापासून चोवीस तासांची मुभा देत होता. जहाजावर मुंबईचे रसेल रेबेलो वेटर म्हणून काम करत होते. त्यांचे अवशेष सर्वांत शेवटी, २०१४च्या नोव्हेंबरात सापडले. पुढे नियम बदलला आणि २०१५पासून ही कवायत जहाज निघण्याआधी किंवा निघताक्षणी घेणे बंधनकारक झाले. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा हा आणीबाणीचा इशारा. तो झाला की फोटोग्राफर फोटोग्राफर राहत नाही. नेमून दिलेल्या जागी जाऊन जॅकेट बांधून देणे, मोजदाद करणे, जिन्यावर वाट दाखवणे, यांपैकी काहीतरी त्याच्या नावावर लिहिलेले असते.

कागदपत्रांची साखळी अशी. पहिला पासपोर्ट, विदर्भासाठी त्याचे प्रादेशिक कार्यालय नागपुरात आहे. मग ‘इंडोस’ क्रमांक, म्हणजे भारतीय दर्यावर्दींच्या राष्ट्रीय नोंदीतला तुमचा आकडा. तो मिळाल्याशिवाय एसटीसीडब्ल्यूच्या वर्गात प्रवेश नाही. मग ते वर्ग, मान्यताप्राप्त डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी आणि ‘सीडीसी’, म्हणजे दर्यावर्दीचे ओळखपुस्तक, ज्यात पुढे प्रत्येक जहाजावरची नोकरी नोंदली जाते. इंडोस आणि सीडीसी ही कामे मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजी शिपिंगच्या अखत्यारीत येतात. जहाज अमेरिकेच्या बंदरातून सुटणारे असेल तर दर्यावर्दींचा सी-वन-डी व्हिसा लागतो, आणि तो नोकरीचे पत्र हातात आल्यानंतरचा टप्पा आहे.

इथे वर्ध्याच्या मुलाची एक अडचण गोव्याच्या मुलाला नसते. गोव्यात जहाजावर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात आणि तो घराघरांत आहे. मुंबईत धोबी तलावच्या परिसरात गावोगावच्या गोंयकारांनी उभारलेले ‘कूड’ जहाजाची वाट पाहणाऱ्या खलाशांना पिढ्यान्‌पिढ्या आसरा देत आले. कोणता एजंट खरा, कोणत्या कंपनीत जेवण बरे, कोणता कागद आधी काढायचा, हे तिथे काका, मामा, शेजारी सांगतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वर्ध्यात ही माहिती मिळते मोबाइलवरच्या जाहिरातीतून. फसवणुकीला वाट मिळते ती नेमकी या पोकळीतून. ‘जागा पक्की, आधी दीड लाख भरा’ असे सांगणारे लोक बंदरापासून दूरच्या जिल्ह्यांत गिऱ्हाईक शोधतात.

म्हणून एक नियम प्रत्येक घरात माहीत असायला हवा. सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्याबद्दल दर्यावर्दीकडून शुल्क घेता येत नाही. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय दाखला यांचा खर्च उमेदवाराचा. व्हिसाचा खर्च जहाजमालकाचा. प्रशिक्षण केंद्राची फी वेगळी आणि ती केंद्राला पावती घेऊन भरायची. भारतातून जहाजावर माणसे पाठवणाऱ्या कंपनीकडे डीजी शिपिंगचा ‘आरपीएसएल’ परवाना असावा लागतो.

जगणे कसे असते, तेही जायच्या आधी ठाऊक असावे. करार बहुधा सहा ते आठ महिन्यांचा. त्या काळात रविवार नाही, दिवाळी नाही. खोली दोघांत, बहुतेकदा जहाजाच्या खालच्या मजल्यांवर, खिडकीविना. सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. ती दोनहून जास्त तुकड्यांत देता येत नाही आणि त्यातला एक तुकडा सलग सहा तासांचा हवा. हे आकडे पाठ असलेल्या कर्मचाऱ्याला आपल्या वेळापत्रकाबद्दल नीट बोलता येते. बदल्यात राहणे-जेवणे जहाजाचे, पगार साठवता येतो आणि जग पाहायला मिळते. मात्र ते जग बंदरातल्या तीन-चार मोकळ्या तासांत पाहायचे असते.

परदेशी जहाजच गाठले पाहिजे असेही नाही. २०१८च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे जहाज सुरू झाले आणि काही काळ चालले. २०२१च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे निघू लागले. हे एम्प्रेस मूळचे १९९० सालचे, रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ताफ्यातले. देशी जहाजावर प्रवासी ओळखीच्या भाषा बोलतात, सफरी दोन-पाच दिवसांच्या असतात आणि एका करारातच आपल्याला समुद्र सोसतो की नाही, हे कळते.

वर्ध्याच्या उमेदवाराने कामे याच क्रमाने उरकावीत. दोन लग्नसराया फ्लॅशसह, माणसांच्या फोटोंची चाळीसेक पानांची फाइल, बोलते इंग्रजी, पासपोर्ट, इंडोस, एसटीसीडब्ल्यू, सीडीसी. त्यानंतर सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबईला मुलाखतीला. आणि कोणत्याही एजंटाच्या हाती मूळ कागद सोपवण्यापूर्वी, डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावरची परवानाधारक कंपन्यांची यादी उघडून त्याचे नाव शोधावे. नाव यादीत नसेल, तर तिथून उठून घरी यावे.